कुलूप आपले, किल्लीही आपलीच

सीमाभागातील मराठी संस्थांचे दप्तर आता लाकडी कपाटात राहिलेले नाही. वाचनालयांचे सभासद, पतसंस्थांचे खातेदार, मराठी शाळांचे पट, गावोगावचे सह्यांनिशी झालेले ठराव, भाषिक हक्कांच्या अर्जांना जोडलेली शपथपत्रे, जुन्या आंदोलनांत ज्यांच्यावर खटले झाले त्यांच्या कागदांच्या नकला, हे सारे गेल्या पंधरा-वीस वर्षांत संगणकात जाऊन बसले आहे. हे चांगलेच झाले. २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या ज्या गावांत पाणी शिरले, त्यांना कागदाचे आयुष्य किती असते हे सांगावयास नको. परंतु लाकडी कपाटाला निदान एक कुलूप होते व त्याची किल्ली चिटणिसांच्या जानव्याला नाही तर कमरेला असे. संगणकातल्या दप्तराला ते कुलूप आपण लावलेच नाही. यादी पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात न्यावयाची, तेथील यंत्रावर तिची एक प्रत राहून जावयाची, मग तीच यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकावयाची आणि गटातल्या शंभर खिशांत ती कायमची पडून राहावयाची, असा हा शिरस्ता झाला आहे. निरोप वाटेत कोणी वाचू शकत नाही हे खरे. पण पोहोचल्यानंतर तो उघडाच असतो, याचा विचार कोणी करीत नाही.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. आपला दावा गुप्त नाही, कधीच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ पासून जे आपण म्हणत आलो ते चौकात उभे राहून म्हणत आलो. महाजन आयोगापुढे १९६६-६७ मध्ये जे मांडले गेले आणि २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात जो दावा दाखल केला, त्यातील पुरावा जितका अधिक लोकांनी पाहावा तितका बरा. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता हे पाटसकर सूत्र ज्या आकड्यांवर उभे आहे, ते जनगणनेचे तक्ते छापून वाटावेत अशाच योग्यतेचे आहेत. त्यांना कुलूप लावणारा माणूस चळवळीचे नुकसानच करील. परंतु अमुक शेतकऱ्याचा अंगठा, अमुक शिक्षिकेचा घरचा पत्ता, अमुक विद्यार्थ्याची जन्मतारीख, अमुक खातेदाराची शिल्लक हा पुरावा नव्हे; ती माणसे आहेत. त्यांनी विश्वासाने दिलेली माहिती वाऱ्यावर सोडण्याचा अधिकार कोणत्याही समितीला, मंडळाला वा संस्थेला नाही. पुरावा उघडा असावा आणि माणूस झाकलेला असावा, इतकाच आमच्या म्हणण्याचा अर्थ.

हे झाकावयाचे कसे? त्याचे साधन तयार आहे, फुकट आहे आणि शिकावयास दोन संध्याकाळी पुरतात. त्याचे नाव ‘ग्नू प्रायव्हसी गार्ड’, व्यवहारात ‘जीपीजी’. लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर ते आधीपासूनच असते; विंडोजसाठी ‘जीपीजी-फोर-विन’ या नावाने विनामूल्य मिळते. त्याला चित्रांची व बटणांची खिडकीही जोडता येते, पण आमचा आग्रह काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून काम करण्याचाच राहील. खिडक्यांची मांडणी दर दोन वर्षांनी बदलते आणि शिकलेला कारकून पुन्हा अडाणी ठरतो. आज्ञा मात्र वर्षानुवर्षे तीच राहते, ती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पुढच्याच्या हाती देता येते, आणि दूरध्वनीवरून निपाणीचा माणूस खानापूरच्या माणसाला ती अक्षरशः वाचून दाखवू शकतो.

आज्ञा अशी. प्रथम ‘जीपीजी’ ही तीन लहान रोमन अक्षरे, मग रिकामी जागा, मग एक आडवी रेघ व तिला चिकटून लहान ‘सी’, पुन्हा रिकामी जागा आणि शेवटी फाइलचे नाव. एंटर दाबताच संगणक परवलीचे वाक्य विचारतो, ते दोनदा द्यावयाचे, आणि त्याच नावापुढे ‘डॉट जीपीजी’ असे शेपूट लागलेली नवी फाइल तयार होते. ती उघडून पाहाल तर निव्वळ कचरा दिसेल. उलगडण्यासाठी ‘सी’च्या जागी ‘डी’. परंतु नुसता ‘डी’ दिल्यास सारा मजकूर पडद्यावरून धावत जातो, म्हणून त्याच्या आधी आडवी रेघ व ‘ओ’ लिहून उलगडलेल्या फाइलला काय नाव द्यावयाचे ते सांगावे. पूर्ण कप्पाच कुलुपात घालावयाचा असेल तर ‘टार’ या आज्ञेने त्याचे आधी एक गाठोडे बांधावे लागते. एवढाच हा मंत्र.

नवख्याला ठेचा कोठे लागतात तेही सांगून टाकतो. पहिली ठेच ही की, कूटबद्ध प्रत तयार झाली तरी मूळ फाइल जागच्या जागीच असते. कुलूपबंद पेटी पाठवून दिली आणि मूळ कागद मेजावर पसरलेलाच राहिला, असा हा प्रकार. मूळ फाइल पुसावी लागते, आणि पेनड्राइव्हवरून पुसलेली वस्तू पुष्कळदा परत काढता येते, म्हणून उघडी यादी मुळात पेनड्राइव्हवर घालूच नये. दुसरी ठेच अशी की, फाइल बंद केल्यावर लगेच उघडून पाहिली तर जीपीजी परवल न विचारताच ती उघडून देतो. तेव्हा अनेकांस वाटते की कुलूप लागलेच नाही. तसे नसते, परवलीचे वाक्य तो काही मिनिटे ध्यानात ठेवतो, इतकेच. त्या काही मिनिटांत यंत्र दुसऱ्याच्या हाती देऊन चहाला जाऊ नये, हा त्यातला बोध. तिसरी गोष्ट, परवलीचे वाक्य आज्ञेतच टंकण्याची सोय आहे, ती वापरू नये. दिलेल्या आज्ञांची नोंद संगणक स्वतःच ठेवीत असतो आणि मग किल्ली दाराच्याच चौकटीवर टांगलेली राहते. फाइलचे नावही झाकले जात नाही. आत काय आहे ते शेपटाखाली दडते, पण नावच ‘अमुक गावच्या निदर्शकांची यादी’ असे ठेवल्यास जग जे समजावयाचे ते समजते.

आता परवलीच्या वाक्याविषयी. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र’ हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या ओठावर आहे. आणि म्हणूनच ते परवलीला सर्वस्वी निरुपयोगी आहे. जी घोषणा सत्तर वर्षे रस्त्यावर दिली ती किल्ली कशी होईल? गाडीचा क्रमांक, मुलीचे नाव, चळवळीतील तारखा, सारे त्याच मालिकेतले. एकमेकांशी संबंध नसलेले सहा-सात घरगुती शब्द ओळीने घ्यावेत. पाटा, आत्या, कोकम, मंगळवार असे काही. असे वाक्य ध्यानात राहते आणि यंत्राला ते अंदाजाने शोधणे जड जाते.

ते देवनागरीत टंकावे असे कोणाही मराठी माणसाला वाटेल. आम्हांसही वाटते. परंतु येथे अभिमान थोडा बाजूस ठेवावा लागतो. पडद्यावर एकसारखे दिसणारे अक्षर संगणकाच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिलेले असू शकते. ‘सुऱ्या’तला ऱ्य एका कळफलकावर एका संकेतांकाने उमटतो, दुसऱ्यावर साधा र, पाय मोडणे आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिघांच्या मेळाने. डोळ्याला फरक नाही, जीपीजीला मात्र ती दोन वेगळी वाक्ये आहेत आणि तो दार उघडणार नाही. तेव्हा शब्द मराठी घ्यावेत, अक्षरे रोमन टंकावीत. गोमंतकीय बांधवांना रोमन अक्षरांत आपली भाषा लिहिण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

कुलूप कितपत भक्कम आहे, ही शंका रास्त आहे. जीपीजी ज्या कूटपद्धती वापरतो त्यांत आज प्रमुख आहे ती एईएस. अमेरिकेच्या मानकसंस्थेने पंधरा उमेदवार पद्धतींतून जाहीर स्पर्धेने ती निवडली आणि २००१ साली मान्य केली. तिच्या थोरल्या प्रकारात संभाव्य किल्ल्यांची संख्या अठ्ठ्याहत्तर आकडी आहे. एकेक लावून पाहणे कोणत्याही सत्तेच्या आवाक्यातले नाही. ती रचणारे योआन डामेन व व्हिन्सेंट रेमेन हे दोघे बेल्जियमचे, ल्यूव्हेन विद्यापीठात शिकलेले. हे विद्यापीठ १९६८ साली भाषेच्या प्रश्नावरून दुभंगले. डच भाषकांचे जुन्या गावी राहिले आणि फ्रेंच भाषकांसाठी नवे गाव वसवावे लागले. त्या देशात भाषिक प्रदेशांची सीमा कायद्याने आखली आहे. आम्ही हे कूटशास्त्राशी संबंध आहे म्हणून सांगत नाही, सीमावासीय वाचकास ऐकून बरे वाटेल म्हणून सांगतो.

एईएसची सारी रीत जगजाहीर आहे, तिचे गणित पुस्तकांत छापलेले आहे. मग गुप्त काय राहिले? केवळ किल्ली. कुलपाची रचना शत्रूला ठाऊक आहे असे धरूनच चालावे, भरवसा किल्लीवर ठेवावा, हे तत्त्व ओग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ साली मांडले. हा गृहस्थ पेशाने भाषाशिक्षक होता हे विशेष. पूर्वीच्या काळी याच्या उलट समज होता. युक्ती गुप्त ठेवली की लेख गुप्त राहतो असे लोक मानीत.

त्या समजाचा सर्वांत मोठा मराठी दाखला आपल्या वाङ्मयाच्या आरंभीच उभा आहे. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकाच्या सुमारास आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर वा चिन्ह घालावयाचे, ही त्यांची मुख्य रीत. आजच्या मापाने हे कुलूप तकलादू. कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजीत गेले की भाषा आपोआप उघडी पडते. हे अल-किंदी या अरब पंडिताने नवव्या शतकातच दाखवून ठेवले होते. तथापि ते तकलादू कुलूप तब्बल पाच-सहाशे वर्षे टिकले, कारण ते उघडून पाहण्याचे कोणाच्या मनातच आले नाही. पंथाचे ग्रंथ पंथापाशी सुरक्षित राहिले ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की, म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, मराठी समाजाच्या दृष्टीने त्या काळात नसल्यासारखाच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींनी या लिप्यांचे रहस्य वाचकांपुढे आणले, नंतर १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापून प्रसिद्ध केले, तेव्हा महाराष्ट्राला कळले की आपल्या घरात हे धन पुरलेले होते. त्या ग्रंथाची मूळ प्रत तर त्याआधीच धाडीच्या धामधुमीत गेली होती व अनुयायांनी स्मरणाने पाठ पुन्हा सिद्ध केले होते, म्हणून त्याचे अनेक पाठभेद आहेत.

आमच्या मते कूटलेखनाचे सारे गुणदोष या एका इतिहासात आले आहेत आणि आजच्या चिटणिसाने त्यांतला दोष अधिक नीट वाचावा. सकळ लिपी विद्वानांना उलगडता आली. एईएसचे कुलूप कोणा राजवाड्यांना उलगडता येणार नाही. परवलीचे वाक्य विसरले गेले, किंवा ते एकट्याला ठाऊक असलेला चिटणीस मृत्यू पावला, तर ते दप्तर जाळल्यासारखेच होय. कोणतेही कार्यालय, कोणताही तंत्रज्ञ, कोणताही अर्ज ते परत मिळवून देणार नाही. सीमाभागातील चळवळीची तिसरी पिढी आता वार्धक्याकडे झुकली आहे. तिच्यापाशी असलेले कागद, फोटो, कैफियती संगणकात उतरविण्याचे काम आज होत आहे. ते उतरवून उत्साहाच्या भरात कुलूपबंद करणे आणि दहा वर्षांनी किल्ली हरवणे, हा आपल्या शत्रूलाही न साधणारा पराक्रम आपण स्वतःच करून बसू.

साधनही जुने होते हे विसरू नये. संगणकावर ‘ओपनएसएसएल’ नावाचे दुसरे एक साधन असते आणि पुष्कळजण त्यानेच फाइली कूटबद्ध करतात. परवलीच्या वाक्यापासून किल्ली तयार करण्याची त्याची ठरलेली रीत २०१६ च्या आवृत्तीत बदलली. परिणाम असा झाला की, परवल अचूक देऊनही जुन्या फाइली नव्या यंत्रावर उघडेनात. जुनी रीत आज्ञेत स्पष्ट लिहिल्यावरच त्या उघडतात. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांनी फाइल बिघडली असे समजून ती टाकूनही दिली असेल. जीपीजी आपण कोणती रीत वापरली हे फाइलीतच नोंदवून ठेवतो, म्हणून दप्तरासाठी आम्ही त्याची शिफारस करतो.

आणि किल्ली हरवण्यावरचा उपायही त्याच साधनात आहे. वर सांगितलेली रीत एकाच किल्लीची. बंद करणाऱ्याला आणि उघडणाऱ्याला तेच वाक्य ठाऊक पाहिजे. १९७६ साली डिफी व हेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी दोन किल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली: एक किल्ली बंद करण्याची, ती साऱ्या गावाला वाटावी, दुसरी उघडण्याची, ती धन्याने स्वतःपाशी ठेवावी. पुढच्याच वर्षी ती प्रत्यक्षात आणणारे गणितही निघाले. ब्रिटिश सरकारच्या गुप्त कचेरीत हीच गोष्ट काही वर्षे आधी सापडली होती, पण ती दडपून ठेवल्यामुळे शोधाचा मान तिच्या माणसांस १९९७ पर्यंत मिळाला नाही. हे गणित सामान्य माणसाच्या हाती दिले ते फिल झिमरमन याने १९९१ साली. त्याबद्दल शस्त्रास्त्रांच्या निर्यातीचा कायदा मोडल्याच्या संशयावरून त्याच्यामागे चौकशी लागली. गणित हे शस्त्र! शेवटी त्याच्या आज्ञावलीचे पुस्तकच १९९५ मध्ये छापण्यात आले, कारण पुस्तक परदेशी धाडण्यास मनाई नव्हती. १९९६ च्या जानेवारीत चौकशी सोडून देण्यात आली. छापील पानाचा हा विजय वृत्तपत्रवाल्यांस सुखविणारा आहे. पुढे जर्मनीच्या वेर्नर कॉख याने सर्वांना मुक्तपणे वापरता येईल असे जीपीजी रचले. १९९९ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने पत्रकारांशी संधान बांधले ते याच पद्धतीच्या आधाराने.

संस्थेसाठी यातून करावयाचे ते इतकेच. अध्यक्ष, चिटणीस आणि एक वयाने तरुण विश्वस्त अशा तिघांनी आपापली किल्ल्यांची जोडी करावी. यादी बंद करताना आज्ञेत तिघांचीही नावे द्यावीत. मग तिघांपैकी कोणीही एकटा ती उघडू शकतो, आणि एक गेला तरी दप्तर जात नाही. शाखांनी मध्यवर्ती कचेरीच्या वाटण्याच्या किल्लीने आपली कागदपत्रे बंद करून धाडावीत. वाटेत कोणाच्याही हाती पडोत, शाखेच्या माणसालाही ती पुन्हा उघडता येत नाहीत. खासगी किल्लीची एक प्रत व तिचे परवलीचे वाक्य कागदावर लिहून वेगवेगळ्या ठिकाणी, लाखबंद पाकिटात ठेवावे. कागदाला हसू नये. ज्या घरात पेटी आहे त्या घरात तो संगणकाहून अधिक टिकतो.

‘आम्हांस लपविण्यासारखे काय आहे?’ असे विचारणारे सज्जन आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांस आमचा प्रतिप्रश्न आहे की, पतसंस्थेतली त्यांची शिल्लक त्यांनी आम्हांस छापू द्यावी काय? दुसरे काही जण म्हणतात की, अशी कुलपे लावली तर पोलिसांना संशय येईल. संशय यावयाचा तो सीमाभागात मराठी पाटी लावल्यानेही येतो. कायदा काय म्हणतो ते पाहावे. कूटलेखन करणे या देशात गुन्हा नाही. २०१५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने एक मसुदा काढला होता, त्यात नागरिकांनी कूटबद्ध मजकुराची उघडी प्रत नव्वद दिवस जपून ठेवावी अशी अट होती. इतका गदारोळ झाला की तो लगोलग मागे घ्यावा लागला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, त्यात माहिती बाळगणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकली असून निष्काळजीपणाबद्दल दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. दुसऱ्या बाजूस माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ वे कलम आहे. अधिकृत अधिकाऱ्याने राष्ट्राची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी रीतसर आदेश दिल्यास उलगडा करून देण्यास साह्य करावे लागते, आणि नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. हे कलम फार व्यापक आहे, ते हाकेच्या अंतरावरच्या कारणांसाठी वापरले जाऊ शकते, असे आमचे मत आहे. तथापि रीतसर लेखी आदेश घेऊन कोणी दाराशी येणे वेगळे, आणि झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या कोणीही यादी उचलून नेणे वेगळे. पहिल्या प्रसंगी निदान आपल्याला कळते, वकील गाठता येतो. दुसऱ्यात काहीच कळत नाही.

तेव्हा येत्या वार्षिक सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक संस्थेने हा विषय घ्यावा, कोणत्या फाइली उघड्या राहतील व कोणत्या बंद, याची यादी ठरावाने करावी, आणि वर्षातून एकदा, जुनी बंद फाइल दुसऱ्याच यंत्रावर नेऊन ती उघडते की नाही हे तिघा किल्लीधारकांनी समक्ष पाहावे. वाटण्याच्या किल्लीला चाळीस रोमन अंकाक्षरांचा एक ठसा असतो. त्यावरून किल्ली खरी की कोणी मध्येच घुसविलेली, हे ओळखता येते. तो ठसा संस्थेच्या पत्रव्यवहाराच्या कागदावर, नावाखाली, चार-चार अक्षरांचे गट पाडून छापून घ्यावा. छापखान्यात कच्ची प्रत तपासताना एकाने संगणकावरून ती अक्षरे मोठ्याने वाचावीत व दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून जुळवीत जावे.